खोली सोडून गाडीतच राहायचं म्हणतोस, तर…

तुझा प्रश्न मला असा समजला. वय चोवीस. ट्रान्सपोर्टचं लायसन हातात येऊन दोन महिने झाले. चाकणच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये बत्तीस फुटी कंटेनरवर नोकरी लागतेय, लाइन चाकण ते हरियाणातलं मानेसर. सध्या मोशीत वाटणीच्या खोलीचे ३,५०० रुपये भरतोस. महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावरच जाणार, मग रिकाम्या खोलीचं भाडं कशाला भरायचं? खोली सोडून वर्षभर गाडीतच काढलं तर पैसे साठतील का, आणि सोबत काय काय लागेल?

अरे-तुरे करतोय, राग मानू नको. माझा थोरला तुझ्याच वयाचा आहे. मी जत तालुक्यातला. १९९६ साली क्लीनर म्हणून, आमच्या बोलीत किन्नर म्हणून, गाडीवर चढलो. चार वर्षांनी स्टेअरिंग मिळालं. २००० ते २००३ ही तीन वर्षं मला गाडीशिवाय दुसरं छप्पर नव्हतं. आज दोन गाड्या स्वतःच्या आहेत आणि त्यातली एक अजून मीच चालवतो. म्हणजे ड्रायव्हरचं दुखणं माहीत आहे आणि मालक काय हिशेब करतो तेही माहीत आहे.

गाडीत राहता येतं का? येतं. या देशात कितीतरी माणसं तशीच राहतात. पण तुझा खरा प्रश्न तो नाही. नोकरी आणि घर दोन्ही एकाच चावीला अडकवायचं का, हा आहे.

माझ्याबरोबर काय झालं ते सांगतो. २००२ चा जानेवारी. इंदूरला माल उतरवताना चार पेट्या कमी भरल्या. मालकानं फोनवर सांगितलं, तुझ्या पगारातून कापणार. पेट्या भरतानाच कमी होत्या आणि बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, तसं लिहूनही घेतलं होतं. पण मी ते नीट सांगायच्या ऐवजी तोंड सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता बदली ड्रायव्हर आला, चावी मागितली, मी दिली. तीनला नोकरी गेली आणि तीनलाच घरही गेलं. पत्र्याची पेटी, स्टोव्ह, आईनं शिवलेली गोधडी आणि भांड्यांची गोणी घेऊन मी आग्रा रोडच्या कडेला उभा. थंडी अशी की दात वाजत होते. सेंधव्यापर्यंत एका सरदारजींनी नेलं, पुढं धुळ्यापर्यंत कांद्याच्या रिकाम्या गाडीतून आलो. तेव्हा कळलं की माझी खोली असती तर मी मालकाशी एवढ्या तावातावानं भांडलोही नसतो, आणि भांडलो असतो तरी एवढा घाबरलो नसतो. डोक्यावर दुसरं छप्पर नसलं की माणूस एक तर नको तिथं चिडतो, नाही तर नको तिथं गप्प बसतो. पुढं वर्षभर मी दुसऱ्या मालकाकडं गप्प बसलो. जास्त माल भरला तरी गप्प, भत्ता थकला तरी गप्प.

आता तुझ्या बाबतीत बऱ्याच गोष्टी तुझ्या मालकावर आणि गाडीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. सगळ्यात मोठी म्हणजे गाडीवर डबल ड्रायव्हर आहे की तू एकटा. डबल असेल तर गाडी थांबतच नाही, एक चालवतो आणि एक मागच्या फळीवर झोपतो. मग गाडीत राहणं म्हणजे हलत्या फळीवर झोपणं. नव्या माणसाला पहिले पंधरा दिवस ती झोप लागत नाही, नंतर घरी गेल्यावर स्थिर पलंगावर लागत नाही. एकटा असशील तर झोप चांगली मिळू शकते, पण ती मिळवायला भांडावं लागतं. दुसरं, लाइन ठरलेली आहे हे तुझं नशीब. जिथं भाडं लागेल तिथं जाणारी गाडी असती तर मी पहिल्याच ओळीत सांगितलं असतं की खोली सोडायचा विचारच करू नको. त्या गाडीला परत कधी यायचं ते तिलाच माहीत नसतं.

चाकण ते मानेसर साधारण चौदाशे किलोमीटर. ठाण्यावरून सुरत, वडोदरा, उदयपूर, किशनगड, जयपूर, जवळपास सगळा ४८ नंबरचा हायवे. ई-वे बिलाचा, म्हणजे मालासोबतच्या सरकारी ऑनलाइन कागदाचा, नियम दर २०० किलोमीटरला एक दिवस असा आहे, म्हणजे कागद तुला सात दिवस देतो. मालक देतो तीन. गाड्यांचे पार्ट म्हणजे टायमिंगचा माल, पोहोचला नाही तर प्लांटची लाइन थांबते, म्हणून घाई. कायद्याचं विचारशील तर १९६१ चा मोटर वाहतूक कामगारांचा कायदा दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास म्हणायचा, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. इतक्या वर्षांत हे तास मोजणारा एकही माणूस मला रस्त्यावर भेटलेला नाही. तेव्हा तुझे तास तूच मोज.

झोपेबद्दल जरा जास्त बोलतो, कारण गाडीत राहणाऱ्याचं सगळं तिथंच बिघडतं. पहाटे दोन ते पाच ही वेळ मी कुणासाठीही चालवत नाही. मालक म्हणून माझ्या ड्रायव्हरलाही चालवू देत नाही. त्या वेळी डोळे उघडे असतात, हात स्टेअरिंगवर असतो, आणि मधले पाच-सहा सेकंद कुठं गेले ते कळत नाही. नागपूर लाइनला समृद्धीवर हे फार होतं. ७०१ किलोमीटर, २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा टप्पा खुला झाला, रस्ता सुंदर, पण ना गाव ना वळण. जुन्या रस्त्याला खड्डा तरी जागं ठेवायचा. जांभया यायला लागल्या की चहा पिऊन काही होत नाही. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं पडायचं, उठल्यावर तोंड धुऊन गाडीभोवती एक फेरी मारायची, टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, टायर ठोकून बघायचे, मग निघायचं. उठल्या उठल्या लगेच गिअर टाकू नको, डोकं जागं व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतातच.

बाजूला म्हणजे हायवेच्या कडेला नव्हे. उभ्या ट्रकला मागून ठोकलं, ही बातमी तू दर आठवड्याला वाचतोस. पंप नाही तर ओळखीचा ढाबा, एवढंच. डिसेंबर-जानेवारीत कोटपुतळीच्या पुढं धुकं उतरतं, तेव्हा तर दहा किलोमीटर मागं असतानाच थांब. आणि कितीही ऊन असू दे, गाडीखाली सावलीत झोपायचं नाही. एका कारखान्याच्या गेटबाहेर असाच झोपलेला एक पोरगा मी बघितला आहे. नंबर लागला म्हणून शेजारच्या कुणीतरी त्याची गाडी पुढं घेतली. पुढचं लिहीत नाही.

पार्क करताना डिझेलची टाकी भिंतीच्या किंवा दुसऱ्या गाडीच्या बाजूला येईल अशी लाव. तू आत घोरत असतोस आणि बाहेर पाइप लावून शंभर लिटर काढून नेतात, सकाळी मालकाच्या मोबाइलवर सेन्सरचा मेसेज तुझ्या आधी पोहोचलेला असतो. बॅटरी आणि स्टेपनीलाही साखळी-कुलूप हवंच.

एसीचं एक सांगतो, कारण नवी पोरं यात फसतात. २०२५ मध्ये नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलं झालं. आम्ही लाकडी केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणाला मांडी लावून मे महिन्यात राजस्थान काढलंय. पण एसी इंजिन चालू असेपर्यंतच. झोपताना इंजिन चालू ठेवलंस की डिझेलचा हिशेब चुकतो आणि मालक विचारतो. म्हणजे मुक्कामाला तुला पंखाच लागणार. तो घेताना बघून घे, ट्रकचं वायरिंग २४ व्होल्टचं असतं. कारचा बारा व्होल्टचा पंखा थेट जोडलास तर पहिल्याच रात्री धूर. खिडक्यांना मच्छरजाळी शिवून घे, चिकटपट्टीवाली. थंडीत केबिनमध्ये शेगडी किंवा कोळसे ठेवून काचा लावायच्या नाहीत. त्यानं माणूस झोपेतच जातो, वासही येत नाही.

आता पैशांकडं येऊ. खोलीचे ३,५०० म्हणजे वर्षाचे ४२,००० वाचतील असा तुझा हिशेब. बरोबर आहे, पण अर्धा. दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा ढाब्यावर केलंस तर माझ्या अनुभवानं दिवसाला ३०० रुपये सहज जातात. पंचवीस दिवसांचे ७,५००. तेच स्वतः शिजवून खाल्लंस तर १२० च्या आसपास, म्हणजे ३,०००. महिन्याला साडेचार हजारांचा फरक. खोली सोडून जे वाचतं त्यापेक्षा जास्त स्टोव्हवर वाचतं. हे मला कुणी सांगितलं नाही, तमिळ ड्रायव्हरांकडं बघून कळलं. नामक्कल, तिरुचेनगोडची माणसं कुठंही थांबली की पहिलं भात टाकतात. आपली पोरं दाल-तडका आणि तंदुरी रोटीवर महिना काढतात आणि मग मूळव्याधीचं औषध विचारत फिरतात.

पाच किलोचा छोटा सिलिंडर, एक कुकर, तवा, पोळपाट नको. भाकरीचं पीठ मळायला परात असली की बस. शिजवायचं ते केबिनबाहेर, टाकीपासून लांब, वाऱ्याचा आडोसा बघून. पंपाच्या आवारात तर स्टोव्ह काढायचाच नाही. निघताना घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी घेऊन निघ. दशमी तीन दिवस आरामात टिकते. आईला सांग, दुधात मळ. एक अडचण मात्र आहे: ढाब्यावर जेवलास तर खाट आणि आंघोळ फुकट, स्वतः शिजवलंस तर ढाबेवाला खाटेवरून उठवतो. म्हणून मी एक वेळ ढाबा, एक वेळ स्टोव्ह असं ठेवलं. तेल कंपन्यांनी हायवेच्या काही पंपांवर ‘अपना घर’ नावाची ड्रायव्हरांसाठी विश्रांतीची सोय केली आहे: झोपायला बेड, आंघोळ, स्वतः स्वयंपाक करायला जागा. तुझ्या लाइनवर कुठल्या पंपांवर ती आहे ते पहिल्याच फेरीत वहीत लिहून ठेव. आमच्या वेळी असं काही नव्हतं, आम्ही कॅनॉलवर अंघोळी केल्या.

पाणी कमी प्यायचं नाही. थांबायला नको म्हणून ड्रायव्हर पाणी टाळतो आणि चाळिशीत मुतखडा घेऊन बसतो. माझा दोनदा झाला. वीस लिटरचा कॅन कायम भरलेला ठेव. पंपावर संडास, पाणी आणि हवा फुकट मिळायला हवी, मागून घे, लाजू नको.

गाडी चालू असते तेव्हा ड्रायव्हर बिघडत नाही. बिघडतो तो गाडी उभी असताना. मानेसरला पोहोचलास आणि प्लांटनं सांगितलं की परवा खाली होईल, तर ते दोन दिवस तू काय करणार, हे आत्ताच ठरव. खोली असलेला माणूस त्या वेळी मनानं तरी घरी असतो. गाडीतच राहणाऱ्याला ते पार्किंगच गाव वाटायला लागतं. पत्ते, दारू, बाकीचं सगळं तिथंच चालत येतं. चित्तोडगडच्या पट्ट्यात अफूची शेती परवान्यानं होते आणि त्याच पट्ट्यात तुला कुणीतरी चहातून डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, घेऊन बघ म्हणेल, झोप येत नाही म्हणेल. सुरुवातीला तसं वाटतंही. आणि मग त्याच्याशिवाय गाडीही चालत नाही. बाळगताना सापडलास तर थेट अमली पदार्थांच्या कायद्यात. बायांच्या बाबतीत उपदेश करत नाही, तू मोठा आहेस. निरोध वापर, आणि चूक झाली असं वाटलं तर लाजत बसू नको, सरकारी रुग्णालयांतल्या तपासणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि ती गुप्त ठेवतात.

मी त्या उभ्या दिवसांत काय केलं? पहिल्या वर्षी पत्ते. चार हजार हरलो, तेव्हाचे चार हजार. दुसऱ्या वर्षी एका वडोदऱ्याच्या मिस्त्रीकडं बसायला लागलो, ब्रेक अ‍ॅडजस्ट करायला, एअर लीक शोधायला शिकलो. आज माझ्या गाडीचं निम्मं काम मीच करतो ते तिथं शिकलेलं. तुझ्या नव्या गाडीत तर धूर साफ करणाऱ्या युरियाचा, सेन्सरचा नवाच संसार आहे, दिवा लागला की गाडीची ताकद कमी होते आणि ड्रायव्हर घाबरतो. ते शिकून घे. आणि प्लांटनं गाडी रोखली तर मालकाला हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे पैसे, मिळतं, हे लक्षात ठेव. त्यातलं तुला किती, ते नोकरीला लागतानाच विचार. नंतर विचारलंस तर मालकाला आठवत नाही. मी स्वतः मालक आहे म्हणून सांगतो.

कागदांचंही बघ. खोली सोडलीस तर तुझा पत्ता कोणता? आधार, बँक, लायसन, सगळं गावच्या पत्त्यावर असेल तर काही बिघडत नाही. मोशीच्या पत्त्यावर काही केलं असेल तर आधी ते गावाकडं फिरव. ट्रान्सपोर्टचं लायसन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि ते तारखेच्या आदल्या दिवशी रस्त्यावर असताना आठवतं. लायसन, आरसी डिजीलॉकरमध्ये चालतात, पण फोन बंद पडतो, म्हणून एक झेरॉक्सची पिशवी गाडीत आणि एक घरी. घरी आईजवळ मालकाचा नंबर, गाडीचा नंबर आणि ट्रान्सपोर्ट ऑफिसचा पत्ता कागदावर लिहून ठेव. फोनमध्ये नको.

मग खोलीचं काय? मी तुझ्या जागी असतो तर तीन महिने ती सोडली नसती. तीन महिन्यांचे साडेदहा हजार जातील, जाऊ देत. एवढ्या वेळात तुला कळेल की मालक पगार वेळेवर देतो का, लाइन खरंच ठरलेली राहते का, आणि मुख्य म्हणजे तुला हे काम झेपतं का. बरीच पोरं दुसऱ्या महिन्यातच सोडतात, त्यात कमीपणा काही नाही. तीन महिन्यांनंतरही पूर्ण सोडू नको, वाटून घे. त्याच ट्रान्सपोर्टचे चार ड्रायव्हर मिळून एक खोली घ्या. चौघं एका वेळी चाकणात कधीच नसतात, तेव्हा दोन गाद्या पुरतात आणि प्रत्येकाला हजारभर रुपये पडतात. कळंबोलीत कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त खाटेचं भाडं भरून, आम्ही असंच राहिलो. पेटी ठेवायला जागा असते, आजारी पडलास तर अंग टाकायला जागा असते, आणि मालकानं दुपारी तीनला चावी मागितली तर संध्याकाळी कुठं जायचं ते माहीत असतं.

सुट्टी आधी ठरव. दोन फेऱ्यांनंतर चार दिवस असं काहीतरी, आणि गावची यात्रा कधी आहे ती तारीख पहिल्याच दिवशी सांगून ठेव. तीन वर्षांत मी एकाही यात्रेला गेलो नाही. तिसऱ्या वर्षी घरी गेलो तर धाकट्या बहिणीच्या पोरानं मला ओळखलं नाही, काका म्हणाला. मामा होतो मी त्याचा.

आता तू कर एवढंच: या महिन्यात खोलीमालकाला काही बोलू नको. ट्रान्सपोर्टवाल्याला विचार, गाडीवर डबल आहे का एकटा, हॉल्टिंगमध्ये वाटा किती, आणि मालाची तूट निघाली तर कोण भरणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना तो कसा बघतो ते बघ. काय म्हणाला ते इथं लिही, मी रविवारी चाकणलाच आहे, गाडी भरायला तीन-चार तास तरी लावतील.